एएलएम टूल निवडताना एक रिक्वायरमेंट शेवटपर्यंत चालवून पाहा

फीचरच्या तक्त्यावर एएलएम टूल (सॉफ्टवेअरचं काम मागणीपासून रिलीजपर्यंत सांभाळणारं साधन) निवडता येत नाही, कारण तिथे सगळ्यांसमोर बरोबरची खूण असते. जिरा या टूलवरून अझूर डेव्हऑप्स या दुसऱ्या टूलवर जायचं की नाही, हे आम्ही ट्रायलमध्ये खरा डेटा घालून ठरवलं.

पहिली अडचण अझूर डेव्हऑप्समधल्या सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) इम्पोर्टची. एका वेळी 1000 वर्क आयटम (बग, स्टोरी अशा कामाच्या नोंदी) एवढीच मर्यादा आहे, आणि सगळे 'न्यू' स्थितीतच येतात. त्यामुळे बंद झालेले बगही उघडे दिसतात. उपाय: आधी इम्पोर्ट, मग तीच फाइल आयडीसह एक्स्पोर्ट करून स्टेटचा रकाना भरायचा आणि पुन्हा चढवायची. एपिक (मोठं काम) आणि त्याखालच्या स्टोरी (छोटी कामं) यांची उतरंड टिकवायला 'टायटल 1', 'टायटल 2' असे वेगळे रकाने लागतात. एकच रकाना दिला की सगळं सपाट होतं.

दुसरी अडचण ट्रेसेबिलिटीची (मागणीपासून तयार कोडपर्यंतचा माग काढता येण्याची), आणि खरी परीक्षा हीच. एक रिक्वायरमेंट घ्या: तिच्यापासून ब्रँच (कोडची वेगळी शाखा), कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद), पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती), टेस्ट केस, बिल्ड (तयार झालेलं सॉफ्टवेअर) इथपर्यंत जा. मग उलटं या: बिल्डवरून रिक्वायरमेंट सापडते का? अझूर डेव्हऑप्समध्ये कमिट संदेशात '#' ही खूण आणि वर्क आयटमचा क्रमांक लिहूनही दुवा जुळत नसेल, तर रिपॉझिटरी (कोडचा साठा) सेटिंगमधलं 'कमिट मेन्शन लिंकिंग' तपासा. शिवाय ब्रँच पॉलिसीत (ब्रँचमध्ये बदल घेण्याच्या नियमांत) 'लिंक्ड वर्क आयटम' सक्तीचं करा. नुसत्या सूचनांनी कोणी क्रमांक लिहीत नाही.

जिरात मात्र 'इश्यू की' (कामाचा क्रमांक, उदा. ABC-12) मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर कमिट जोडला न जाण्याची शक्यता असते.

दर विचारताना टेस्ट मॅनेजमेंटचं लायसन्स वेगळं आहे का, तेही विचारा. बजेट बहुधा तिथेच फुगतं.