घरात कोरोनाचा पेशंट आहे? आधी ऑक्सिमीटर शोधा

नोकरीभर वॉर्डात राहिले, आता रिटायर आहे. तरी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत कोणी तापलं की फोन मलाच: "सिस्टर, कोणती गोळी देऊ?" गोळीचं मग बघू. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजतात ते ऑक्सिमीटर कुठाय?

पेशंटला आधी कूलरसमोरून उठवा. गार बोटावर आकडा भलताच येतो. नेलपॉलिश पुसा. पाच-दहा मिनिटं शांत बसवा, मधल्या बोटाला लावा अन् आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. "अठ्ठ्याण्णव!" म्हणून लगेच ओढून काढू नका. दिवसातून तीन-चारदा वेळेसकट वहीत लिहा. ९४ च्या खाली टिकला तर डॉक्टरला फोन. ९० च्या खाली गेला, ओठ निळसर पडले, बोलताना धाप लागली किंवा पेशंट बरळायला लागला, तर मेयो नाहीतर मेडिकल, जे सरकारी हॉस्पिटल जवळ असेल ते गाठा. दम लागत नाही म्हणून आकड्याकडे काणाडोळा नको. या आजारात माणूस हसतबोलत असतो अन् ऑक्सिजन उतरलेला असतो.

पाचव्या ते दहाव्या दिवसात डोळ्यात तेल घाला. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, अन् नेमकी तेव्हाच फुप्फुसं सुजू शकतात. तिथे विषाणूपेक्षा आपलीच प्रतिकारशक्ती जास्त खवळलेली असते. म्हणून तर सूज दाबणारं स्टेरॉइड तेव्हा कामी येतं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी ते गिळलं तर साखर मात्र चढते. २०२१ ची काळी बुरशी आठवा, शुगरवालेच जास्त सापडले होते तिच्या तावडीत. अझिथ्रोमायसिन जिवाणूंचं औषध, इथे त्याचं काय काम? तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम. वय झालेलं असेल, शुगर-किडनीचा त्रास असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला विचारा. विषाणूवरची औषधं सुरुवातीच्या पाचेक दिवसांतच द्यायची असतात.

खोलीसाठी आपला खिडकीतला कूलर एसीपेक्षा बरा. तो बाहेरची हवा आत ढकलतो, एसी तीच हवा फिरवत बसतो. पण दुसरी खिडकी उघडी ठेवा अन् घरातलं दार लावा, नाहीतर सगळी हवा स्वयंपाकघरात. आत जाताना एन-९५ घाला, बाहेर आल्यावर साबणानं हात धुवा. विषाणूचं आवरण चरबीचं, साबणानं ते फुटतं.

 ऑक्सिजन उतरला असेल तर पेशंटला जमेल तेवढं पालथं झोपवा, पण गरोदर बाईला नाही अन् जेवल्याबरोबर कोणालाच नाही.