घरच्या घरी पुनर्वसन: घड्याळ आणि मोबाइल वापरताना या चुका टाळा

पक्षाघातानंतर बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) माणूस घरी येतो. पहिले काही दिवस पैपाहुणे येतात, मग व्यायाम कंटाळवाणे होतात. अशा वेळी मुलं हौसेने स्मार्ट घड्याळ आणतात, पण पंधरवड्यात ते कपाटात जातं. दोष बहुतेक वेळा रुग्णाचा नसतो.

सर्वांत मोठी चूक आकड्याची. दिवसाला १०,००० पावलं हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी तो कुणी ठरवलेला नाही. त्यात मनगटावरचं घड्याळ मुख्यतः हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं. वॉकर धरलेला हात झुलत नाही, म्हणून घाम गाळून चाललेली पावलं मोजलीच जात नाहीत. माणूस खचतो तो इथे. पट्टा चांगल्या पायाच्या घोट्यावर बांधून पाहा आणि दोन मिनिटं स्वतः पावलं मोजून ताळा घ्या.

उद्दिष्ट रुग्णाच्याच जगण्यातलं हवं, आणि ते फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावं. सोप्यावरून तुळशीवृंदावनापर्यंत जाणं, चवथीला माटोळीची (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीची) सुपारी दोन्ही हातांनी बांधणं. भजनात रमणाऱ्याला मोबाइलवर संथ, ठाम ठेका लावून द्या. ठेक्यावर पाऊल टाकलं की चाल सुधारायला मदत होते.

मोबाइलचा सर्वांत चांगला उपयोग मला कॅमेऱ्याचा वाटतो. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच कोनातून चालण्याचा व्हिडिओ घ्या आणि जुना-नवा शेजारी ठेवून दाखवा. रोज पाहणाऱ्याला न जाणवणारी सुधारणा त्यात दिसते. हा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र रुग्णाला विचारल्याशिवाय टाकू नका.

टीव्हीसमोरचे हालचालींचे खेळ धडधाकट माणसांसाठी बनलेले असतात. वेग सर्वांत कमी ठेवा, मागे भक्कम खुर्ची आणि बाजूला माणूस असू द्या. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबून डॉक्टरांना कळवा.

मोबाइलवरची व्यायामाची इंग्रजीत बोलणारी आठवण बंद करून नातीच्या आवाजातली लावा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून व्यायामाचा कागद भिंतीवर हवाच.

एवढं करूनही बाबा उठायलाच तयार नसतील, जेवणावरचं मन उडालं असेल, तर त्याला आळस म्हणू नका. पक्षाघातानंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.