स्पिरिट आर घ्यायच्या आधी: तयारीची यादी

माझदा म्हटलं की आपल्याकडे स्वराज माझदाची मिनीबस आठवते, आणि त्यात गैर काही नाही, भारतातल्या रस्त्यांनी माझदा पाहिली ती तेवढीच. पण त्याच हिरोशिमाच्या कंपनीने 1991 मध्ये रोटरी इंजिनाच्या 787बी गाडीने ल मान्सची शर्यत मारली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आरएक्स-7 या स्पोर्ट्स गाडीची तिसरी पिढी, म्हणजे एफडी3एस, जपानी बाजारात आणली. ती ऑगस्ट 2002 पर्यंत बनत राहिली. जाता जाता कंपनीने 1500 गाड्यांची शेवटची आवृत्ती काढली. हीच ती स्पिरिट आर. आज ती जुनी विकत घ्यायचा विचार असेल, तर गाडी बघायला जाण्याच्या बऱ्याच आधी घरी बसून करायची कामं पुष्कळ आहेत. त्यातली बहुतेक कागदांची आहेत, आणि माझं मत असं की या गाडीत तुम्ही निम्मे पैसे कागदांचेच मोजता.

सगळ्यात आधी, तुम्ही राहता कुठे ते बघा. भारतात असाल तर ही यादी करमणूक म्हणून वाचा. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे 2002 ची गाडी रीतसर आणून पुण्यात पासिंग करून फिरवण्याचा मार्ग नाही. "आमच्या ओळखीचा एक माणूस करून देतो" असं कोणी सांगितलं तर चहा घ्या आणि निघा. टोरांटोतल्या मराठी माणसाचं मात्र सोपं आहे, कारण कॅनडात गाडी किमान 15 वर्षं जुनी असण्याची अट आहे आणि ती कधीच पार झाली. अमेरिकेत तीच अट 25 वर्षांची आहे. ती मोजतात उत्पादनाच्या महिन्यापासून, नोंदणीच्या तारखेपासून नाही. म्हणजे स्पिरिट आर तिकडे 2027 मध्ये पात्र व्हायला लागेल, आणि ऑगस्ट 2002 मध्ये बनलेली गाडी ऑगस्ट 2027 च्या आधी बंदरात उतरवून चालणार नाही. म्हणून विक्रेत्याकडे उत्पादनाच्या महिन्याचा पुरावा मागा. जपानी कागदांवर ठळक दिसतो तो पहिल्या नोंदणीचा महिना, आणि शोरूममध्ये गाडी काही महिने उभी राहिलेली असू शकते. सीटबेल्टला शिवलेल्या लेबलवरची तारीख बघायची जुनी सवय जाणकारांना आहे; ती अंदाजाला चांगली, पण पट्टा बदललेलाही असू शकतो, तेव्हा एकट्या त्यावर विसंबू नका. कॅलिफोर्नियात असाल तर आणखी एक पायरी आहे: केंद्राची 25 वर्षांची सूट मिळाली तरी राज्याचे धुराचे नियम वेगळे उभे राहतात, आणि परदेशातून थेट आणलेल्या गाडीला ते पार करणं खर्चिक असतं. गाडीच्या आधी तिथल्या नोंदणीची चौकशी करा. शेजारच्या राज्यातल्या मित्राच्या पत्त्यावर नोंदवण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते. ती अधिकाऱ्यांनाही माहीत आहे.

आता आवृत्ती कोणती हवी ते ठरवा, कारण 'स्पिरिट आर' या एका नावाखाली तीन गाड्या आहेत. टाइप ए दोन सीटची, पाच गिअरची, रेकारोच्या लाल बकेट सीट्सची, वजन 1270 किलो. टाइप बी तीच यांत्रिक मांडणी ठेवून मागे दोन छोट्या सीट्स देते. टाइप सी ऑटोमॅटिक आहे आणि तिची ताकद 255 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), बाकी दोघींची 280. हा 280 चा आकडाही जरा समजून घ्या. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून त्याच्या वरचा आकडा कागदावर लिहायचाच नाही असं पाळलं होतं, म्हणून त्या काळच्या जपानी गाड्यांची पत्रकं शेजारी ठेवली तर सगळ्या सारख्याच ताकदीच्या वाटतात. भाव टाइप ए ला सगळ्यात जास्त मिळतो. मला विचाराल तर बी जास्त शहाणपणाची. मागे माणूस बसत नाही, पण बॅग बसते.

टाइप ए ला भाव असल्यामुळे नकलाही तिच्याच होतात. नकली हा शब्द थोडा कडक आहे, कारण बहुतेक वेळा गाडी खरीखुरी एफडीच असते, फक्त टाइप आरएस सारख्या नियमित आवृत्तीला लाल सीट्स, बीबीएसची 17 इंची चाकं, भोकांच्या ब्रेक डिस्क आणि स्पिरिट आरचा बिल्ला लावून तिला बढती दिलेली असते. हे सगळे भाग सुटे मिळतात, आणि आरएस वर मोठे ब्रेक व 17 इंची चाकं कंपनीकडूनच होती, म्हणजे निम्मं काम आयतंच. त्यामुळे बिल्ला, सीट, चाकं यांपैकी कशालाही पुरावा मानू नका. जपानी नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यात किती जणांची आसनक्षमता लिहिली आहे ते बघा: टाइप ए वर 2 हवेत. आरएस ची मागची सीट काढून टाकणं अर्ध्या तासाचं काम आहे, पण कागदावरचा 4 चा आकडा त्याने आपोआप बदलत नाही. त्याच कागदावर वजन असतं, तेही टाइप ए च्या 1270 शी जुळवा. मॉडेलचा संकेत 'जीएफ-एफडी3एस' असायला हवा. 'ई-एफडी3एस' असेल तर ती नव्वदच्या दशकातली गाडी आहे आणि बोलणं तिथेच थांबतं. वर्ष जपानी राजवटीच्या गणतीत लिहिलेलं असेल, हेइसेई 14 म्हणजे 2002, आणि लिलावाच्या कागदावर नुसतं 14 सुद्धा दिसेल. रंगाचंही एक बघून ठेवा. टायटॅनियम ग्रे हा रंग फक्त स्पिरिट आर साठी होता, त्यामुळे इंजिनाच्या खोलीतल्या पाटीवरचा रंगाचा संकेत आणि अंगावरचा रंग जुळतात का ते पाहिलं की दोन शंका एकदम मिटतात. काळी, लाल, पांढरी, निळी असेल तर रंगावरून आवृत्ती सिद्ध होत नाही. पाटीच निघालेली किंवा दोन नव्या चकचकीत रिबेटांनी बसवलेली असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

गाडी जपानच्या लिलावातून आलेली असेल, आणि बहुतेक तशाच येतात, तर लिलावाचा मूळ तपासणी कागद मिळवा. विक्रेत्याने टंकून दिलेला 'सारांश' नको, हाताने खुणा केलेला मूळ कागद हवा. त्यावर गाडीचं वरून काढलेलं चित्र असतं आणि पत्र्यावर जिथे जे आहे तिथे अक्षर: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्ती करून रंगवलेला भाग, एस म्हणजे गंज, दोनदा एक्स म्हणजे तो भाग बदललेला. अक्षरापुढचा आकडा जेवढा मोठा तेवढं दुखणं मोठं. वरच्या कोपऱ्यातली श्रेणी 4 किंवा 4.5 असली की लोक लगेच खूश होतात, पण 'आर' किंवा 'आरए' असलेली गाडी म्हणजे सांगाड्याला हात लागलेली गाडी, हे लक्षात असू द्या. तशी गाडी वाईटच असते असं नाही. शर्यतीच्या मैदानावर पळवायची, चालवायची, मजा घ्यायची गाडी हवी असेल तर स्वस्तात मिळालेली 'आर' चांगलीच. फक्त ती 4.5 च्या भावात घेऊ नका. खाली तपासनीसाने जपानीत चार ओळी खरडलेल्या असतात, त्यांचं भाषांतर पैसे देऊन नीट करून घ्या. फोनच्या कॅमेऱ्याने होणारं भाषांतर हस्ताक्षरापुढे हात टेकतं आणि नेमकी इंजिनाबद्दलची ओळ गाळून टाकतं. ओडोमीटरसाठी लिलावाचा कागद, निर्यातीचं प्रमाणपत्र आणि आधीच्या तपासण्यांची प्रमाणपत्रं, तिन्हीवरचे आकडे एका रांगेत मांडा. ते चढत गेले पाहिजेत.

खरं घोडं अडतं ते इंजिनात. 13बी-आरईडब्ल्यू हे 654 सीसीच्या दोन रोटरांचं इंजिन. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, रोटरच्या घराच्या (हाउसिंगच्या) भिंतीला घासत राहून दाब धरतात. या पट्ट्या झिजल्या किंवा तुटल्या की इंजिन खोलावं लागतं. त्यामुळे 'फक्त 40,000 किलोमीटर चालली' या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही. वर्षानुवर्षं उभी राहिलेली, कधीतरी सुरू करून पाच मिनिटांत बंद केलेली गाडी नियमित चालवलेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. अर्थ आहे तो कॉम्प्रेशनच्या, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं त्याच्या, आकड्यांना. साध्या गॅरेजमधला पिस्टन इंजिनाचा गेज इथे चालत नाही, कारण तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचा एकच आकडा धरून ठेवतो. रोटरीसाठीचा खास टेस्टर हवा, आणि त्यातून सहा आकडे यायला हवेत, प्रत्येक रोटरचे तीन. इंजिन गरम असताना, मिनिटाला 250 फेऱ्यांच्या हिशेबाने मांडलेले. 8.5 च्या आसपास किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर तब्येत उत्तम, 7 च्या खाली गेलं की इंजिन उघडायचे पैसे बाजूला ठेवा. आकडा नुसता मोठा असून भागत नाही, एकाच रोटरचे तीनही जवळजवळ हवेत. एक ठीक आणि दोन पडलेले म्हणजे त्या दोन बाजूंमधल्या टोकाच्या सीलने बहुधा साथ सोडायला सुरुवात केली आहे. मोजणी उंचावरच्या गावात झाली असेल, समजा डेन्वरला, तर आकडे हवेमुळेच कमी येतात, तो फरक धरा. विक्रेता म्हणेल, "कशाला, गाडी मस्त चालते." मस्त चालत असेलही. टेस्ट तुमच्या खर्चाने करून द्या म्हणा. त्यालाही नकार आला तर तोच निकाल समजा.

इंजिन आधी बांधलेलं असेल तर घाबरू नका, या गाडीत ते सामान्य आहे. फक्त कोणी बांधलं, कधी, रोटरची घरं नवी घातली की जुनीच पुन्हा वापरली, आणि पावत्या कुठे आहेत, हे विचारा. सुटे केलेल्या भागांचे फोटो चांगला रोटरीवाला स्वतःहून काढून ठेवतो.

बघायला जाल त्या दिवशी इंजिन गार असायला हवं, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत गार इंजिनाची दुखणी लपतात. सुरू झाल्यावर पांढरा गोडसर वासाचा धूर बराच वेळ येत राहिला, किंवा कूलंटच्या तोंडाशी बुडबुडे आले, तर आतलं पाण्याचं सील गेलेलं असू शकतं. मग चांगली तापवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. गरम असताना नुसतंच घरघरत राहणारी रोटरी कॉम्प्रेशन हरवून बसलेली असते, आणि ही परीक्षा फुकटची आहे. ऑइल खाते का असं विचारू नका. ती खातेच, सीलना वंगण मिळावं म्हणून कंपनीने तेल थोडं थोडं आत जाळायचीच सोय केली आहे. विचारायचं ते असं: तो पंप अजून चालू आहे, की काढून टाकून पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल मिसळता? दोन्ही चालतं, पण उत्तर पटकन आणि नेमकं यायला हवं. ज्याला हा प्रश्नच कळला नाही, त्याने गाडी कशी सांभाळली असेल याचा अंदाज करा.

चालवताना दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे, एकामागून एक कामाला लागतात, ते जाणवलं पाहिजे. पहिला खालच्या फेऱ्यांतच भरतो, 4500 च्या आसपास दुसरा येतो, तेव्हा दाब क्षणभर किंचित उतरून पुन्हा चढतो. तिथे मोठा खड्डा लागला किंवा दुसरा आलाच नाही, तर टर्बोपेक्षा आधी संशय त्यांचा क्रम सांभाळणाऱ्या रबरी व्हॅक्युम नळ्यांवर घ्या. बॉनेटखाली त्यांचं जंजाळ आहे आणि वीस वर्षांच्या उष्णतेने त्या चिवड्यातल्या पोह्यासारख्या कुरकुरीत होतात. अनेकांनी कंटाळून ही व्यवस्थाच काढून दोन्ही टर्बो एकदम चालवायची केलेली असते. गाडी त्याने बिघडत नाही, पण मर्यादित आवृत्तीची किंमत मूळपणाला आहे, तेव्हा काढलेले भाग खोक्यात जपून ठेवले आहेत का ते बघा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला खरखर ऐका. मागच्या चाकांच्या कमानी, सस्पेन्शनचे वरचे टॉवर आणि जॅक लावायच्या जागा बोटाने चाचपा. लांबी भरलेला पत्रा टिचकीला बोदा वाजतो. आतलं प्लास्टिक ठिसूळ असतं, ते तुटलेलं दिसलं तर भाव कमी करायला वापरा, नाक मुरडायला नको.

सुट्या भागांची काळजी थोडी कमी झाली आहे. माझदाने 2020 च्या अखेरीस दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-7 चे काही भाग पुन्हा बनवायला घेतले. स्पिरिट आर चे खास तुकडे मात्र, म्हणजे सीट्सचं कापड, बिल्ले, मूळ चाकं, जुन्या बाजारातच शोधावे लागतात आणि तिथला भाव विक्रेत्याच्या मनावर असतो. म्हणून गाडीत काय मूळ नाही याची यादी करून तेवढी रक्कम आधीच जोडून बघा. विमा उतरवणाऱ्याशी सौदा पक्का होण्याच्या आधी बोला: गाडीची किंमत दोघांनी मिळून ठरवून पॉलिसीत लिहिलेली हवी, नाहीतर अपघातानंतर तुम्हाला वीस वर्षं जुन्या जपानी कूपेचे पैसे मिळतील. बयाणा देताना कॉम्प्रेशनचे सहा आकडे, लिलावाचा कागद आणि चॅसी नंबर करारातच लिहून घ्या, आणि निर्यात प्रमाणपत्राची मूळ प्रत हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम पाठवू नका.