परदेशी बेटावर दोघांचा आठवडा: ऊन, भरती आणि वेळेचं गणित

सात दिवसांच्या बुकिंगमध्ये पुरते दिवस पाचच असतात. पहिला दिवस विमान, बोट आणि खोली मिळण्याची वाट बघण्यात जातो. बहुतेक रिसॉर्टमध्ये दुपारी दोन-तीनच्या आधी खोली हातात येत नाही आणि शेवटच्या दिवशी अकरा-बाराला ती सोडावी लागते. मधले पाच दिवस ऊन आणि भरती-ओहोटी बघून आखले तर पुरतात. घड्याळाने आखले, तर पहिल्या दुपारी भाजलेली पाठ आणि ओहोटीत गुडघाभर उरलेलं पाणी यातच दोन दिवस जातात.

महिना आधी, बेट नंतर

एका देशात एकच पावसाळा असतो हा समज महागात पडतो. थायलंडमध्ये फुकेत-क्राबीच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो, तर पलीकडच्या आखातातल्या को समुईवर जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, बालीत एप्रिल ते ऑक्टोबर. मॉरिशसला चक्रीवादळांची शक्यता नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असते आणि कॅरिबियनमध्ये वादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. कॅरिबियनच्या आणि मेक्सिकोच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर २०११ पासून सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येऊन पडतं, विशेषतः वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत. कुजायला लागलं की त्याचा वास खोलीपर्यंत पोचतो. म्हणून त्या महिन्यांत वाऱ्याच्या तोंडावरचा किनारा टाळून आडोशाची बाजू घ्यावी.

बेट ठरलं की बुकिंगआधी रिसॉर्टला ईमेलवर हे प्रश्न विचारा आणि उत्तरं जपून ठेवा:

- प्रवाळाची भिंत, म्हणजे हाऊस रीफ, किनाऱ्यापासून किती मीटरवर आहे? पोहत जाता येतं की बोट लागते?
- ओहोटीत लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतल्या उथळ पाण्यात, पोहण्याइतकं पाणी राहतं का?
- दर ‘प्लस प्लस’ आहे का? तसं असेल तर सर्व्हिस चार्ज आणि कर वेगळे लागतात, आणि अंतिम बिल बरंच फुगतं.
- हाफ बोर्डमध्ये (न्याहारी आणि एक जेवण) जेवणासोबतचं पाणी धरलंय का? बऱ्याच ठिकाणी धरलेलं नसतं.
- विमानतळावरून नेण्या-आणण्याचा खर्च दरात आहे का आणि शेवटची बोट किती वाजता?

बेटावर एकच रिसॉर्ट असेल तर बाहेर जाऊन खाण्याचा पर्यायच नसतो, तिथे फुल बोर्ड (तिन्ही वेळचं खाणं) किंवा ऑल-इन्क्लुझिव्ह (खाणं-पिणं सगळं दरात) बरं. आजूबाजूला गाव असेल तर फक्त न्याहारीचा दर घ्या.

पाण्यावरची व्हिला छायाचित्रात सुंदर दिसते. पण दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल तर वाळूवरची खोली घ्या. व्हिलाच्या शिडीखाली कधी छातीएवढं पाणी असतं, कधी ओढ असते, आणि नवशिक्याला पाय टेकवत टेकवत आत जायला उतरता वाळूचा किनाराच लागतो. लग्नाचा वाढदिवस किंवा हनिमून असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. सवलत हवी असल्यास काही रिसॉर्ट विवाह प्रमाणपत्र मागतात.

पोचण्यातली मेख

मालदीवमधली सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरणार असेल तर एक रात्र राजधानी मालेजवळ काढावी लागते आणि पैसे भरलेल्या रात्रींतली एक वाया जाते. विमानाचं तिकीट काढण्याआधीच रिसॉर्टकडून ‘किती वाजेपर्यंत उतरलं तर चालेल’ हे लिहून घ्या. सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादाही साधारण २० किलो अधिक हातातले ५ किलो अशी कडक असते. आणखी एक खाचखळगा म्हणजे मालदीवमधली अनेक रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ राजधानीपेक्षा एक तास पुढे ठेवतात. परतीच्या बोटीची वेळ कोणत्या घड्याळाची, हे स्पष्ट विचारा.

पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. मालदीवमध्ये दारू आणि ई-सिगारेट नेता येत नाही, थायलंडमध्येही ई-सिगारेटवर बंदी आहे. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.

बॅगा भरताना एक साधी युक्ती वापरा. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे घाला. एक बॅग हरवली तरी कोणी एकटा उघडा पडत नाही. हातातल्या पिशवीत पोहण्याचे कपडे, चप्पल, टोपी आणि औषधं असू द्या, म्हणजे खोली मिळेपर्यंतचे तास पाण्यात जातील. कार्डं दोघांकडे वेगवेगळी असावीत, कारण रिसॉर्ट अनामत म्हणून एका कार्डावर रक्कम अडकवून ठेवतं. डेबिट कार्ड असेल तर ती सुटायला दिवस लागतात. मशिनवर ‘तुमच्या चलनात घेऊ का’ असं विचारलं तर नकार द्या आणि स्थानिक चलनातच भरा. नाहीतर विनिमयाचा दर दुकानदाराची बँक ठरवते.

सनस्क्रीन: लोक निम्मंसुद्धा लावत नाहीत

बाटलीवर लिहिलेलं संरक्षण प्रत्येक चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावलं तरच मिळतं. पोहण्याच्या कपड्यांतल्या मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० मिली लागतात. दिवसातून तीनदा, दोघांना, पाच दिवस हा हिशेब ९०० मिलीवर जातो. एवढं कोणी नेत नाही, म्हणूनच लोक भाजतात. उपाय सोपा आहे: दोघांनीही लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा घट्ट शर्ट) आणि गुडघ्यापर्यंतची पोहण्याची पँट घ्यावी. मग चेहरा, मान, कान, हात, पोटऱ्या आणि पावलं एवढंच उरतं. त्याला एका वेळी १२ ते १५ मिली पुरतात आणि ५०० मिलीत आठवडा निघतो. मोठ्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या सामानात १०० मिलीची मर्यादा असते.

एसपीएफ ३० किंवा ५० घ्या. पाण्यात शिरण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा लावा. डासांचं औषधही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन, ते जिरल्यावर औषध. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला घातक मानली जातात. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि थायलंडने राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून अशी सनस्क्रीन बंद केली आहेत. झिंक ऑक्साइडचं घ्या. अंगावर पांढरट दिसतं, पण कुठे राहिलं तेही लगेच कळतं.

स्नॉर्कल करताना, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगताना, सगळ्यात जास्त भाजतात त्या मांड्यांच्या मागच्या बाजू आणि पोटऱ्या, कारण तासभर तेवढाच भाग पाण्याच्या वर असतो आणि गार पाण्यात काहीच जाणवत नाही. पहिल्या दोन दिवशी सकाळी दहाच्या आत आणि दुपारी साडेतीननंतरच पाण्यात जा. ढगाळ असलं तरी हाच नियम.

पाणी वाचायचं कसं

खोलीत पोचल्यावर पहिलं काम म्हणजे डायव्ह सेंटरमधून आठवडाभराचं भरती-ओहोटीचं कोष्टक घेणं. बहुतेक ठिकाणी दिवसात दोन भरत्या येतात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि प्रवाळाच्या फटींतून जोरात वाहतं. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती नवशिक्यांसाठी सौम्य. शक्य असेल तर बुकिंगच्या तारखाच तशा निवडा.

स्नॉर्कलसाठी भरती पूर्ण होण्याच्या आधीचा तास आणि नंतरचा थोडा वेळ उत्तम. ओहोटीत उथळ प्रवाळावर पोट आणि गुडघे खरचटतात, तिथे उभं राहिलात तर प्रवाळ मरतं. ओहोटी लागल्यावर लगूनचं पाणी भिंतीतल्या फटीतून बाहेर खेचलं जातं. त्या फटीच्या जवळ अजिबात जाऊ नका. सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणतं.

मोकळ्या किनाऱ्यावर, दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक गुळगुळीत, गडद पट्टा दिसतोय, तर तो सुरक्षित भाग वाटतो. तीच रिप करंटची, म्हणजे आत समुद्राकडे ओढणाऱ्या प्रवाहाची, जागा असते. त्यात अडकलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. जोडीदार अडकला तर मागे उडी न मारता तरंगणारी वस्तू फेका आणि जीवरक्षकाला बोलवा. दोघेही बुडण्याचे प्रसंग याच उडीमुळे घडतात.

मास्क आठवडाभर बरोबर बसला पाहिजे, नाहीतर समुद्राचा कंटाळा येतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत घ्या. हात सोडूनही तो चिकटून राहिला तर तुमचा. आत एकही केस येता कामा नये. दाट मिशीखालून पाणी झिरपतं, त्यामुळे नाकाखालची मिशी थोडी छाटलेली बरी. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो घरीच साध्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, म्हणजे धुकं कमी धरतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का ते आधीच विचारा. पहिला सराव कमरेएवढ्या पाण्यात, स्नॉर्कल व्हेस्ट घालून. जोडीने उतरा आणि हाक पोचेल एवढ्याच अंतरावर राहा. थंडी वाजायला लागली की तिथूनच परत फिरा.

स्कूबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जाण्याचा, पहिला अनुभव साधारण १२ मीटर खोलपर्यंत असतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया असं काही असेल तर आरोग्याच्या प्रश्नावलीत ‘होय’ लिहावं लागतं आणि मग डॉक्टरांचं पत्र लागतं. ते निघण्याआधी घ्या, बेटावर मिळेलच असं नाही. सर्दी असताना उतरू नका, कानावरचा दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, सीप्लेनही त्यात आलं. म्हणून स्कूबा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उरका. विमा घेताना स्कूबा किती मीटर खोलपर्यंत चालतं आणि आणीबाणीत बेटावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे का तेवढं नीट वाचा.

दंश, काटे, पोट

स्टोनफिश किंवा विषारी काटा असलेला दुसरा मासा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. जेलीफिशच्या दंशावर गोडं पाणी ओतू नका, वाळूने चोळूही नका. समुद्राच्या पाण्याने धुऊन रिसॉर्टच्या दवाखान्यात जा, तिथल्या जेलीफिशच्या प्रकारानुसार उपचार बदलतो. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट असतील तर अर्धे प्रसंग टळतात.

औषधांत ओआरएस, पॅरासिटामॉल, बोट लागण्यावरची गोळी (निघण्याआधी तासभर घ्यायची, तिने झोप येते), जंतुनाशक मलम आणि जांघेत घासू नये म्हणून पेट्रोलियम जेली एवढं हवंच. खारट ओले कपडे घालून तासभर चालल्याने होणारी जळजळ दोन दिवस छळते. पाळी पुढे ढकलायची असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना तीन-चार आठवडे आधी भेटा. गोळी पाळीच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास असलेल्यांना ती चालत नाही.

कॅमेरा किंवा फोन एसी खोलीतून थेट बाहेर काढला की भिंगावर दव धरतं. अर्धा तास बंद पिशवीत बाहेर ठेवा, मग उघडा. जलरोधक पाउच वापरण्याआधी त्यात कोरडा टिशू घालून तो अर्धा तास पाण्यात दाबून बघा.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका. प्रवाळ आणि काही मोठ्या शंख-शिंपल्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि विमानतळावर दंड होतो.

परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर कुठल्या बेटावर होता ते डॉक्टरांना सांगा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळा. डासांतून पसरणाऱ्या, गर्भाला घातक अशा झिका विषाणूचा धोका असलेल्या भागातून आला असाल आणि बाळाचा विचार असेल, तर पुरुषाने तीन महिने आणि दोघांपैकी फक्त स्त्रीच गेली असेल तर तिने दोन महिने थांबायचं. दोघं एकत्र गेला असाल तर तीन महिने धरा.