लाल जास्वंद फोटोत नुसता डाग दिसते? हे करून बघा

रंकाळ्याला सकाळची फेरी मारून परतताना कुणाच्या तरी कुंपणावर लाल जास्वंद दिसते आणि हात मोबाइलकडे जातोच. घरी येऊन बघावं तर पाकळ्यांच्या शिरा गायब, नुसता लाल डाग! मागच्या गर्द हिरव्या पानांमुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि लाल रंग त्यात भाजून निघतो.

फुलावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाइलवर शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित खाली ओढा. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ वर ठेवा. फोटो जरा काळपट वाटेल, वाटू दे. शिरा दिसल्या म्हणजे जमलं. ऊन कडक असेल तर छत्रीची सावली धरा, पण अख्ख्या फुलावर. अर्धवट सावलीपेक्षा ऊन परवडलं. फोकस मधल्या दांड्याच्या टोकावरच्या पाच लाल ठिपक्यांवर घ्या. वारं सुटलं तर थांबायचं. पन्हाळ्यावर एका फुलापुढं वीस मिनिटं उकिडवा बसलोय मी! साधी जास्वंद मात्र एका दिवसाचीच, तेव्हा ‘उद्या काढू’ म्हणू नका.