अल्बारीनो पुण्यात प्यायची तर

अल्बारीनोची बाटली हातात घेतलीत की किमतीच्या आधी साल बघा. ही पांढरी वाइन ताजेपणासाठी प्यायची. साधी बाटली द्राक्षं तोडल्यापासून दोन-तीन वर्षांत संपवलेली बरी. ‘सोब्रे लियास’ असं लिहिलेलं असेल तर ती यीस्टच्या गाळावर मुरवलेली असते. अंगाने जरा भरदार, आणि टिकतेही जास्त. लेबलवर ‘रियास बायशास’ हे नाव शोधा. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियाच्या किनाऱ्यावरच्या या भागाला १९८८ साली अधिकृत दर्जा मिळाला. तिथल्या लेबलवर अल्बारीनो लिहिलं असेल तर आत दुसरं द्राक्ष नसतं. सीमेपलीकडे पोर्तुगालात हाच वाण अल्वारीन्यो म्हणून मिळतो, तोही निःशंक घ्या.

पुण्यात खरी काळजी उन्हाची. दुकानाच्या काचेला लागून, उन्हात उभी केलेली बाटली मी घेत नाही. बूच वर सरकलेलं असेल किंवा कॅपखाली चिकट ओघळ दिसत असेल तर आतली वाइन तापलेली आहे असं समजा. आणि मे महिन्यात बाटली स्कूटरच्या डिकीत टाकून गावभर हिंडू नका. सीटखाली वरून ऊन आणि खालून इंजिन, दोन्हींची धग असते. ओल्या पंच्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि संध्याकाळी थेट घरी या. आयात शुल्कामुळे ही बाटली स्वस्त पडत नाही, म्हणून एवढं जपायचं.

हिची सगळी गंमत आंबटपणात आहे. नारायणगाव-नाशिककडे द्राक्षाचे मांडव पाहिलेत ना? गॅलिसियातही जुन्या बागा मांडवावरच असतात, फक्त खांब ग्रॅनाइटचे. अटलांटिकवरून पाऊस येतच राहतो. घड उंच टांगले की खालून वारा खेळतो आणि कुजण्याचा, केवड्याचा (हा वेलीचा बुरशीचा रोग) धोका कमी होतो. द्राक्ष लहान, साल जाड, त्यामुळे ते त्या ओलाव्यात तग धरतं. हवा थंड असल्याने पिकतानाही हिरव्या सफरचंदासारखी आंबटाई टिकते. उष्ण हवेत ती झपाट्याने उतरते. म्हणून या वाइनला लिंबाच्या सालीचा, पीचचा वास आणि शेवटी जिभेवर खारट म्हणावी अशी चव येते.

आता गार करणं. फ्रीजमध्ये तीन तास ठेवा आणि ओतायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. ८ ते १० अंश हवेत; त्याहून गार झाली तर वास मिटून जातो. पाहुणे दारात आले असतील तर खोल पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात फटी राहतात. पाणी काचेला सगळीकडून भिडतं. ग्लासात बर्फ मात्र कधीच नको. एका वेळी थोडीच ओता, आपल्या उन्हाळ्यात भरलेला ग्लास बघता बघता कोमट होतो.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे: तिसऱ्या. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे पक्षपात असेलही, पण गॅलिसियाच्या खाड्यांमध्येही शिंपल्यांची मोठी शेती होते आणि तिथली माणसं ही वाइन त्यांच्यासोबतच पितात. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणल्यात की मिठाच्या पाण्यात ठेवा, रेती सुटते. कवच फुटलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्या. तेलात ठेचलेला लसूण आणि एकच हिरवी मिरची परता, तिसऱ्या घाला, त्याच बाटलीतली अर्धी वाटी वाइन ओता आणि झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांत खडखड आवाज येऊन शिंपा उघडतात. उघडल्या की लगेच गॅस बंद, नाहीतर मांस रबरासारखं होतं. न उघडलेल्या काढून टाका. वर ओलं खोबरं, कोथिंबीर. मीठ चाखूनच घाला, त्यांचं स्वतःचं खारं पाणी असतं.

रवा लावून तळलेली सुरमई, बोंबील, नारळाच्या दुधातली कोलंबी, हेही छान. कोकमाच्या आंबटपणापुढे बऱ्याच वाइन फिक्या पडतात, ही पडत नाही. झणझणीत मालवणी मसाला आणि ठेचा मात्र दूर ठेवा. तिखटावर अल्कोहोल आणखी जाळतं आणि वास कुठल्या कुठे जातो. श्रावणात मासे नसतील त्या घरी कोथिंबीर वडी किंवा चिंच-गूळ बेताने घातलेली अळूवडी करा. तळणाचा तेलकटपणा एका घोटात निघून जातो.

अल्बारीनो मिळालीच नाही तर नाशिकची ताजी सोविन्यों ब्लां घ्या, हीच रीत चालेल. उरलेली बाटली घट्ट बुचून फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. तळाशी जेमतेम घोटभर उरली असेल तर ती पुढच्या तिसऱ्यांत घाला.