स्टॉपर खेळायला उतरणार असाल तर: सहा आठवड्यांची तयारी

गेल्या सप्टेंबरात आमची फुटबॉलची अकरा-अकराची नॉकआउट मॅच होती. मैदानात घोट्याएवढा चिखल, गोल शून्य-शून्य, सात मिनिटं बाकी. आमच्या डाव्या अंगाला त्यांचा थ्रो झाला, विंगरने बॉल कडेकडेने नेला आणि आत टाकला. मी स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीतला मधला बचावपटू होतो आणि माझे डोळे बॉलवर होते. त्यांचा नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, माझ्या उजव्या खांद्यामागून पुढे सरकला आणि नुसता पाय लावून मोकळा झाला. संघातल्या एकाच्या भावाने ते मोबाइलवर घेतलं होतं. थ्रोपासून गोलपर्यंत अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत माझी मान एकदाही मागे वळत नाही. दोन महिने पहाटे उठून धावलो, नवे बूट घेतले, टॅकल (समोरच्याच्या पायातला बॉल काढणं) घोटून घोटून बसवले आणि मागे बघायची सवय मात्र लावलीच नाही. या मोसमात नेरुळ, घणसोली, ठाणे कुठेही पहिल्यांदा मागच्या फळीत उतरणार असाल, तर माझी यादी घ्या.

सामान आधी उरकू. शिनगार्ड (नडगीवरची कवचं) हवेतच, नियमातच आहेत. मातीच्या मैदानाला स्टडचे बूट, टर्फला (कृत्रिम गवताला) बारीक रबरी दाण्यांचे. एकावर दोन्ही भागवू नका, टर्फवर लांब स्टड अडकला की गुडघा पिळवटतो. नवे बूट मॅचच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. पावसाळ्यात मोज्यांचा दुसरा जोड. बस.

आता मान. पहिल्या दिवसापासून, धावायला सुरुवात करण्याच्याही आधी. ‘डिफेन्डरने मागे बघावं’ हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही आहे, आणि त्या ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग होत नाही. बॉल चुंबकासारखा डोळे ओढतो. दमल्यावर तर जास्तच, म्हणून असे गोल शेवटच्या दहा मिनिटांत बसतात. सवय अंगात मुरलेली असेल तरच मान आपोआप वळते. मी आता नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर सकाळी चालतो तेव्हा दर दिव्याच्या खांबाशी एकदा खांद्यावरून मागे बघतो आणि मागच्या माणसाच्या कपड्यांचा रंग मनात म्हणतो. निळा टी-शर्ट. पांढरी ओढणी. पुढच्या खांबाशी दुसऱ्या खांद्यावरून. ठाण्यात असाल तर तलावपाळीला फेऱ्या मारताना करा, उपवनला करा, कुठेही करा. लोक बघतात, बघू देत. दोन आठवड्यांत मान न सांगता वळायला लागते.

मग बॉलसकट. एक जण समोरून पास देणार, दुसरा तुमच्या मागे उभा राहून बोटं वर करणार. बॉल पायाशी यायच्या आत किती बोटं ते मोठ्याने सांगायचं. बॉल आल्यावर सांगितलं तर ते मोजायचं नाही. वीस पास, मग जागा बदला.

आणि बघायचं कधी? हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बॉल एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जात असतो तेव्हा. त्या सेकंदाभरात त्याची दिशा कुणी बदलू शकत नाही, म्हणजे तुम्हाला बघायची मुभा असते. विंगर बॉल पुढे ढकलून मान खाली घालतो तेव्हाही. पण तो मान वर करून पाय मागे नेतो त्या क्षणी बघू नका, तेव्हा उशीर झालेला असतो. तुमचा माणूस कुठे आहे ते त्याआधी ठाऊक हवं. शिवाय बॉलला छाती देऊन सरळ उभं राहायचं नाही. अंग तिरकं, एक खांदा बॉलकडे, एक तुमच्या माणसाकडे. असं उभं राहिलात तर मान थोडीशी वळवली तरी पुरते. मी त्या व्हिडिओत बॉलसमोर अगदी सावधान उभा आहे.

पळणं. नुसतं पाच-सहा किलोमीटर जॉगिंग करून स्टॉपर तयार होत नाही, मी तेच केलं होतं. तुम्हाला लागतात ते दहा-वीस मीटरचे झटके, आणि तेही बहुतेक वेळा उलट्या पावलांनी सुरू होणारे. पाच मीटर मागे मागे, कंबर फिरवून वळा, पंधरा मीटर जीव तोडून. अर्धा-पाऊण मिनिट दम घ्या. असे आठ, आठवड्यातून दोनदा, एकदा डावीकडून वळून आणि एकदा उजवीकडून. प्रत्येकाची एक बाजू आखडलेली असते आणि चांगला विंगर ती पाच मिनिटांत ओळखतो. आणि हो, वळण्याआधी मागे बघा. इथेही. प्रत्येक वेळी.

गरम होण्याच्या व्यायामात वेळ वाचवू नका. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा संच हौशी खेळाडूंच्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणूनच तयार केलेला आहे, साधारण वीस मिनिटांचा, पंधरा प्रकारांचा, सामान काही लागत नाही. त्यातला एक गाळू नका: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने मागून घोटे धरायचे, आणि अंग ताठ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी आहे. सुरुवातीला तीन ते पाचच. उत्साहात पंधरा केलेत तर दोन दिवस जिना उतरता येणार नाही.

टॅकलबद्दल थोडंच सांगतो, कारण सगळे तेवढंच शिकून येतात. जमिनीवर घसरत झोपू नका. पाय टाकायची घाई म्हणजे समोरच्याला मोकळी वाट. गुडघे वाकवा, हातभर अंतर ठेवा, तिरके उभे राहून त्याला बाहेरच्या रेषेकडे जायला लावा. तुमचे बाकीचे परतेपर्यंत दोन-तीन सेकंद मिळवले तरी काम झालं. हे शनिवारच्या टर्फवर घोटा, तिथे स्लाइडिंग बहुतेक चालतच नाही आणि कातडी सोलते ती वेगळीच. पण टर्फची एक वाईट सवय लागते: सात-सातच्या खेळात सहसा ऑफसाइड (बॉल दिला जाताना बचावफळीच्या पलीकडे उभं असणं) धरत नाहीत, म्हणून आपण गोलजवळ चिकटून राहायला शिकतो. मोठ्या मैदानावर एकटा साइड बॅक असा मागे रेंगाळला की त्यांचा स्ट्रायकर ऑनसाइड, कारण मोजतात ते शेवटून दुसऱ्या खेळाडूपासून, आणि शेवटचा बहुधा गोलीच असतो. समोरचा बरोबरीत असला तरी ऑनसाइडच. थ्रो, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतोच. थ्रोच्या वेळी ऑफसाइड मागत हात वर करून उभे राहणारे मी दर आठवड्याला बघतो. हात खाली, मान मागे.

डोक्याने बॉल मारायची भीती असेल तर हलक्या बॉलपासून सुरू करा. कपाळ, डोळे उघडे, उंच आणि बाहेरच्या बाजूला. उंची कमी म्हणून कच खाऊ नका: इटलीचा बचावपटू फाबियो कानावारो पाच फूट नऊ इंचांचा, 2006 मध्ये विश्वचषक उचलला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डोर पुरस्कारही त्यालाच मिळाला. डोक्याला डोकं आपटलं तर मात्र बाहेर या, ‘चालतंय’ म्हणून पुन्हा उतरू नका. यात माझं ऐकाच.

स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावताना बॉल कसा काढायचा, याचा एक तास वेगळा ठेवा. यापेक्षा अवघड काम मागच्या फळीला नाही. आपल्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 ला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेन विरुद्ध कोलंबिया, आणि त्यातला एकमेव गोल 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्या बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. जगातल्या निवडक मुलींच्या बाबतीत हे होतं, तर आपण कोण! मित्राला मागून लांब बॉल टाकायला सांगा, धावता धावता एकदा मागे नजर टाका, माणूस अंगावर असेल तर सरळ रेषेबाहेर घालवा. थ्रो गेला तर जाऊ दे. गोलीला द्यायचा असेल तर लक्षात ठेवा, 1992 पासून आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला बॉल त्याला हातात घेता येत नाही. डोक्याने दिला तर चालतो. पास गोलच्या चौकटीत नाही, तिच्या बाजूला द्या. हुकला तर कॉर्नर जाईल.

आवाज. पाच शब्द संघात आधीच ठरवा: ‘माझा’, ‘सोड’, ‘मागे’, ‘वेळ आहे’, ‘चढा’. लाजू नका, घसा बसला पाहिजे. गोलीला सगळं मैदान दिसतं, तो ‘मागे’ ओरडला की ऐका, पण त्याच्या भरवशावर मान वळवणं सोडू नका. त्या दिवशी आमचा गोली ओरडला होता. पावसात मला ऐकूच आलं नाही.

पाचवा आठवडा: दोन सराव सामने, किमान एक मोठ्या मैदानावर. कुणाला तरी फक्त तुमचं शूटिंग करायला सांगा, बॉलचं नाही. घरी बसून एकच गोष्ट मोजा, मिनिटाला मान किती वेळा वळली. दहाच्या खाली असेल तर पुन्हा ट्रॅकवर, पुन्हा खांब. सहावा आठवडा हलका ठेवा. धावणं निम्मं, झोप पूर्ण.

मॅचचा दिवस. दोन-अडीच तास आधी पोहे किंवा केळी, तेलकट नको. मीठ-साखरेचं पाणी सोबत, आपल्याकडच्या दमट हवेत नुसतं पाणी कमी पडतं. पेनल्टी बॉक्समध्ये चालून बघा, कुठे पाणी साचलंय, बॉल कुठे अडेल. कॉर्नरला कोण कुणाला धरणार ते आधी ठरवा. पहिला बॉल साधा, लांब. आणि डाव्या मनगटावर पांढरी टेप लावून तिच्यावर ठळक ‘मागे’ लिहा. पेनाची शाई पावसात उतरते, मार्कर घ्या.